राखणीचं झाड

(हाइनान बेटाचा पश्चिम किनारा, तोंगफांगजवळचं एक गाव. घरामागच्या आवारात एकतीस वर्षांचं हुआलीचं झाड, ज्याचा गाभा सोन्याच्या भावानं विकला जातो, नुकतंच पाडलेलं. सकाळचे दहा. झाडाचा मालक यागेन आणि म्हातारा सुतार वेन बुंध्यापाशी वाकलेले.)

यागेन : पुन्हा पुसा.

वेन : चार वेळा पुसलं. भुसा नाही रे तो. लाकूडच तसलं आहे.

यागेन : ओल्या फडक्यानं पुसा, वेनकाका. ओलं केलं की रंग चढतो, तुम्हीच म्हणता ना नेहमी?

वेन : गाभ्याला चढतो. असला तर. हे घे, ओतलं पाणी. बोल, काय दिसतंय?

यागेन : पांढरं.

वेन : आणि मधोमध?

यागेन : मधोमध आहे की तपकिरी.

वेन : करंगळीएवढं. त्यातून हातातल्या माळेचे चार मणी निघतील, तेही पोराच्या हाताच्या मापाचे.

यागेन : वर असेल. फांद्या फुटल्यात तिथं असेल.

वेन : अरे बाबा, साठ वर्षं मी हे लाकूड कापतोय. हुआलीचा गाभा मुळाशी जाड आणि वर बारीक होत जातो. म्हणून तर लोक मुळंसुद्धा खणून नेतात. बुंध्यात नाही ते शेंड्यात कुठून येणार?

यागेन : एवढं मोठं झाड, काका. कवेत घेतलं की छाती भरून यायची. शेजारच्या माच्या आवारातलं झाड याच्या निम्मंसुद्धा नव्हतं, तरी चोरांनी ते रातोरात कापून नेलं.

वेन : घेर मोठा झाला तिथंच तर घात झाला. तुला सांगितलं होतं की नाही? हुआलीचे लाड करू नकोस म्हणून? खडकात वाढलं, उन्हात पोळलं, तहानेनं मरायला टेकलं, वादळात फांदी मोडली, की मग ते आत गाभा धरतं. डुकरांचं खत आणि विहिरीचं पाणी दिलंस की नुसतं अंग धरतं. डोंगरावरच्या त्या बहिऱ्या लुओचं झाड आठवतंय? माझ्या मांडीएवढं होतं, वीज पडून अर्धं जळालेलं. मी करवत लावली आणि आतून काय गाभा निघाला! जांभळट, तेलकट, चकाकणारा, आणि गाठीगाठींत भुतांचे चेहरे, डोळे वटारून बघणारे. कापताना वास असा सुटला की पलीकडच्या गल्लीतल्या बाया विचारायला आल्या, कुणाकडे काय आहे म्हणून.

यागेन : पाणी मी नाही घातलं.

वेन : मग कुणी?

यागेन : माझी मेइल्वान घालायची. कोरड्या महिन्यांत रोज दोन बादल्या, खांद्यावर कावड घेऊन. मी राखणीवर, ती पाण्यावर.

वेन : तिला बिचारीला काय ठाऊक.

यागेन : मला ठाऊक होतं ना. तुम्ही सांगितलं होतं. मला वाटलं, म्हातारा काहीतरी बरळतोय. दारातल्या झाडाला तहानलेलं ठेवायचं? जीवच झाला नाही. तिला तर मी सांगितलंसुद्धा नाही, तिनं ऐकलं नसतं.

वेन : बस खाली. सुपारी घे. ऊन लागेल तुला.

यागेन : मग खुर्चीचं काय?

वेन : कसली खुर्ची?

यागेन : विसरलात? सान्याला लीह्वाच्या गॅलरीत ठेवायची ती. गोल पाठीची, हात टेकायची. खिळा न मारता करून देईन म्हणाला होतात. मोतीबिंदू काढून पोरीकडे जाऊन राहायचं, आणि त्या खुर्चीत बसून समुद्र बघायचा, असं ठरवलं होतं मी. उरलेल्या लाकडातलं निम्मं धाकट्याचं, चिंगवेईचं.

वेन : हुआलीची खुर्ची करायची तर गाभ्याची. त्याचं कुसू खाचेत बसलं की आपले नातू म्हातारे होईस्तोवर हलत नाही. पावसात फुगत नाही, उन्हात फाकत नाही. त्याला रंग नको, लाख नको, बसणाऱ्याच्या घामानंच ते चमकायला लागतं. तुझ्या आजीचं मुसळ आठवतं का? पन्नास वर्षं भात कांडून कांडून आरशासारखं झालेलं.

यागेन : ते व्यापाऱ्यानं ॲल्युमिनियमच्या दोन पातेल्यांवर नेलं. आजी खूश होती.

वेन : सगळं गाव खूश होतं तेव्हा. बरं, ऐक. या पांढऱ्याची खुर्ची मी करूही शकेन. पण वर्षभरात वाळवी आतून पोखरेल आणि एक दिवस तुला घेऊन खाली बसेल. माझ्या हातून असलं काम व्हायचं नाही.

यागेन : दुसऱ्या टोकाला एक काप घ्या ना.

वेन : यागेन...

यागेन : माझ्यासाठी घ्या. एकच.

वेन : घेतो बाबा. ओंडका जरा इकडे लोट. पाय सांभाळ. अजून. थांब. थांब म्हणतो ना!

यागेन : काय झालं?

वेन : इथली साल अशी का आहे? हा भाग झाडाभोवतीच्या पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला यायचा ना? गुडघ्याएवढ्या उंचीवर?

यागेन : हो, भिंतीकडची बाजू. किड्यानं खाल्लं असेल.

वेन : चाकू दे. किडा म्हणे! किडा कधी लेथवर बूच कातून बसवतो का? हे बघ. लिचीचं लाकूड आहे. गोल, एकसारखं, वरून मेण लावलेलं. साल त्याच्यावर वाढत गेली म्हणून कुणाला दिसलं नाही.

यागेन : बूच कशाला कुणी मारेल?

वेन : आतलं भोक बुजवायला. ड्रिलनं पाडलंय, माझ्या बोटाएवढं. ही बारीक काडी घालून बघ, कुठवर जाते ते. बरोबर मधोमध. कुणीतरी झाडाच्या पोटात काय आहे ते बघून गेलंय, यागेन. ड्रिल मारायचं, बाहेर येणाऱ्या भुशाचा रंग बघायचा. तांबूस आला तर मेजवानी, पांढरा आला तर बूच.

यागेन : चोर असेल.

वेन : चोराला बूच मारायला वेळ असतो? आणि पिंजऱ्याची किल्ली कुणाकडे असायची?

यागेन : माझ्या गळ्यात. अंघोळ करतानाही गळ्यात.

वेन : लाकडातली वर्षाची कडी मोजू. बुचावर किती लाकूड चढलंय बघ. एक, दोन, तीन, चार, आणि हे पाचवं. पाच वर्षं झाली याला.

यागेन : पाच वर्षांपूर्वी मी इथून हललो नाही. माझी खाट इथं, या झाडापाशी. जेवण इथं. पावसात वर प्लास्टिक टाकून इथंच. मेइल्वान म्हणायची, माझ्यापेक्षा झाडाशीच लग्न लावायला हवं होतं तुमचं.

वेन : एक दिवससुद्धा नाही हललास?

यागेन : एकदाच. तिजेच्या सणाला.

वेन : कोण होतं इथं?

यागेन : चिंगवेई आला होता हायकौहून. स्वतः म्हणाला, दादा, वहिनी सात वर्षं कुठं गेलेली नाही, घेऊन जा तिला सणाला, आज मी बसतो राखणीला. मी गळ्यातली किल्ली काढून त्याच्या हातात दिली. मेइल्वान नवी विणलेली लुंगी नेसली होती, लाल नक्षीची. तिच्या माहेरच्या बाया भेटल्या. डोंगरभाताची दारू प्यालो दोघंही. ती गायली, काका. तिला गाता येतं हे मी विसरूनच गेलो होतो. घरी येताना म्हणाली, तुमच्या भावासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं. आम्ही त्या दिवसाचं नाव नेहमी काढायचो.

वेन : हं.

यागेन : नाही, काका. तुम्ही भलतंच डोक्यात घेऊ नका. माझा भाऊ आहे तो.

वेन : मी कुठं काय बोललो? मी सुपारी चावतोय. गाडी आली बघ तुझ्या दारात.

चिंगवेई : दादा! दादा, हे काय करून बसलास! मला फोन तरी करायचास! माच्या सुनेनं कळवलं म्हणून समजलं मला. तीन तास गाडी मारत आलोय, सिग्नलसुद्धा बघितला नाही. काका, ते करवतीचं मशीन बाजूला ठेवा आधी.

वेन : मशीन बंदच आहे. झाडही पडलेलं आहे. आता कुणाला वाचवणार आहेस?

चिंगवेई : परवानगीचं काय? असं उचलून हुआली तोडता येतं का? तुरुंगात जायचंय का तुम्हाला?

यागेन : परवानगी घेतली. लीह्वानं अर्ज भरला होता. गेल्या महिन्यात शिक्का मिळाला.

चिंगवेई : म्हणजे महिनाभर तुला माहीत होतं आणि मला बोलला नाहीस? आपल्या दोघांचं झाड ना हे? बाबांनी दोघांचं म्हणून लावलं होतं.

यागेन : तुला निम्मं पाठवणारच होतो. अचानक पाठवून चकित करायचं होतं.

चिंगवेई : चकित! दादा, तुला धंद्यातलं काही कळत नाही. उभ्या झाडाची गोष्ट वेगळी असते. माणसं उभं झाड बघायला येतात. अजून दहा वर्षं उभं राहिलं असतं ना...

वेन : चिंगवेई, एक विचारू?

चिंगवेई : काका, आत्ता नको, डोकं फिरलंय माझं.

वेन : साधंच आहे. तीन तास गाडी मारत आलास. झाड आडवं पडलेलं बघितलंस. बुंधा इथं तुझ्या पायाशी आहे. पण गाभा किती निघाला हे विचारलंच नाहीस. तिकडे बघितलंसुद्धा नाहीस. या गावात चार वर्षांचं पोर आलं असतं तरी पहिल्यांदा बुंध्यावर वाकलं असतं.

चिंगवेई : मी दादाच्या काळजीत...

यागेन : बघ ना मग. बघ वाकून.

चिंगवेई : दिसतंय इथून.

यागेन : काय दिसतंय?

चिंगवेई : दादा, होतं असं कधीकधी. प्रत्येक झाडात गाभा धरतोच असं नाही. नशीब असतं.

यागेन : हे बूच बघ. ओळखतोस?

चिंगवेई : कसलं बूच?

वेन : लिचीचं. तुझ्या दुकानात लेथ आहे ना, चिंगवेई? स्टुलांचे पाय कातायला?

यागेन : काका, तुम्ही गप्प बसा जरा. मी विचारतो. चिंग, तिजेच्या सणाला मी तुला किल्ली दिली होती. त्या दिवशी केलंस का हे? तू नाही म्हण. नाही म्हणालास तर मी ऐकेन. काकांनाही ऐकायला लावीन.

चिंगवेई : एकच भोक पाडलं, दादा. झाडाला काही होत नाही त्यानं. सगळेच करतात. मला नुसतं बघायचं होतं. लोक दुकानात येऊन विचारायचे, तुमच्या गावच्या झाडाचं काय झालं. मला काहीतरी सांगता यायला हवं होतं ना?

यागेन : भुसा कसा आला?

चिंगवेई : पांढरा.

यागेन : संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा तू इथं खाटेवर बसला होतास. मेइल्वाननं तुझ्यासाठी केळीच्या पानात बांधून भात आणला होता. तू खाल्लास. म्हणालास, दादा, काही काळजी नको, झाड झकास आहे.

चिंगवेई : मग काय सांगणार होतो? तुम्ही दोघं एवढे आनंदात होता. त्या दिवशी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं का तुला?

यागेन : दुसऱ्या दिवशी सांगायचंस.

चिंगवेई : सांगणार होतो. खरंच. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहून गेलं. आणि सांगून तू काय केलं असतंस? या झाडाशिवाय तुला होतं काय? रोज सकाळी उठून कुठं गेला असतास?

यागेन : पाच वर्षं.

चिंगवेई : मी माझ्या परीनं दया केली, दादा.

वेन : पिंजरा नवीन कुणी करून दिला?

चिंगवेई : मीच. तुम्हाला माहीत आहे की.

वेन : कधी?

चिंगवेई : चार वर्षं झाली असतील.

वेन : म्हणजे झाडात गाभा नाही हे कळल्यावर तू त्याला जाड सळ्यांचा पिंजरा केलास. कॅमेरा लावलास. दोन कुत्री आणून दिलीस. बरीच दया केलीस की रे!

यागेन : खरंच की. जुना पिंजरा चांगला होता. मी नको म्हणत होतो.

चिंगवेई : काका, तुम्ही घरच्या भांडणात का तेल ओतताय?

यागेन : सांग ना, चिंग. पांढऱ्या लाकडाला पिंजरा कशाला?

चिंगवेई : कारण... तुला नाही समजणार. या बेटावर झाडाच्या पोटात काय आहे ते कुणालाच दिसत नाही. लोक झाड बघत नाहीत, राखण बघतात. ज्या झाडाखाली माणूस झोपत नाही ते झाड पांढरं, हे सगळ्यांना कळतं. माझ्या दुकानात भिंतीवर तुझा फोटो आहे. तू, कुत्री आणि झाड. गिऱ्हाईक आत आलं की आधी तो फोटो बघतं. म्हणतं, यांच्या घरचंच एवढं मोठं झाड आहे म्हणजे यांच्याकडे खोटा माल नसणार. माझ्या पोरीची सोयरीक त्या फोटोवर जमली. फूचिएनचे व्यापारी त्या फोटोवर उधारीनं माल द्यायला लागले. मी लबाडी नाही केली कुठं. झाड विकलं नाही. आत गाभा आहे असं कधी तोंडानं म्हणालोही नाही.

यागेन : मी होतो ना तुझ्या वतीनं म्हणायला. खाटेवर.

चिंगवेई : असं नको ना बोलूस.

यागेन : मला अभिमान वाटायचा त्या फोटोचा. लीह्वाला सांगायचो, काकाच्या दुकानात तुझ्या बापाचा फोटो लावलाय, हायकौमध्ये, मोठ्या रस्त्यावर. मूर्ख माणूस मी.

चिंगवेई : दादा, आता पुढचं बघू. अजून वेळ गेलेली नाही. कुणी बुंधा बघितलाय का? काका सोडून? नाही ना? मग ऐक माझं. ताडपत्री आणलीय मी गाडीतून. ओंडका आणि बुंधा दोन्ही झाकून टाकू. काका शब्द काढणार नाहीत. आणि तू अजून दोन-तीन महिने इथंच झोप. खाट ओंडक्याशेजारी लाव. लोकांना वाटेल, आत माल आहे, व्यापारी ठरायचाय. तेवढ्यात मी काहीतरी करतो.

वेन : आता पडलेल्या झाडाचीही राखण?

चिंगवेई : दोन-तीनच महिने!

यागेन : तीन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तू मेइल्वानला हायकौच्या हॉस्पिटलात नेलंस.

चिंगवेई : त्याचा इथं काय संबंध?

यागेन : तुझ्याच गाडीतून नेलंस. तुझी बायको डबा द्यायची. अकरा दिवस तू तिच्याजवळ होतास. मी लोकांना सांगायचो, सख्खा मुलगा करणार नाही इतकं केलं.

चिंगवेई : केलंच होतं, दादा. पेज मी भरवायचो तिला माझ्या हातानं. ते खोटं नाही.

यागेन : नवव्या दिवशी मी पिशवी भरली. शेजारच्या पोराची मोटरसायकल सांगून ठेवली. तुला फोन केला, येतो म्हणून. तू काय म्हणालास?

चिंगवेई : मला आठवत नाही नेमकं.

यागेन : मला आठवतंय. म्हणालास, वहिनी सुधारतेय, डॉक्टर खूश आहेत. येऊ नकोस. परवाच माचं झाड गेलंय, चोर याच भागात फिरतायत, आणि तू झाड उघडं टाकून येणार? अठ्ठावीस वर्षांची राखण पाण्यात घालवणार? मी पिशवी रिकामी केली.

चिंगवेई : चोर खरंच फिरत होते तेव्हा.

यागेन : फिरत होते. पण झाड पांढरं आहे हे तुला माहीत होतं. होतं की नव्हतं?

चिंगवेई : होतं.

यागेन : तिचं काही खरं नाही, हेही माहीत होतं?

चिंगवेई : डॉक्टरनं तसं आदल्या दिवशी सांगितलं होतं.

वेन : अरे देवा!

यागेन : दहाव्या दिवशी माझ्याकडे दोन माणसं आली. बूट घातलेली, भाषा आपली नव्हती. मला चांगली सिगारेट दिली. झाडाभोवती फिरली, पिंजऱ्याला हात लावला, माझ्याबरोबर फोटो काढला. तूच पाठवली होतीस?

चिंगवेई : फूचिएनची पार्टी होती ती. दोन महिन्यांपासून तारीख ठरलेली होती. दादा, तू त्या दिवशी इथं नसतास, खाट रिकामी असती, तर सगळं संपलं असतं. मी बुडालो असतो. बायको, पोरं, दुकान, सगळ्यांसकट. मला वाटलं, चार दिवसांनी सांगू तुला, चार दिवसांनी घेऊन जाऊ तिच्याकडे. इतक्या लवकर जाईल असं कुणाला वाटलं होतं?

यागेन : मी हसलो त्या फोटोत.

चिंगवेई : दादा, मार मला. काठी घे आणि मार. पण बाहेर कळू देऊ नकोस. पाया पडतो तुझ्या.

यागेन : ऊठ. वेनकाका, मशीन चालू करा.

वेन : काय करायचंय?

यागेन : या लाकडाचं काय होतं? खरं सांगा.

वेन : सरपण. बरं जळतं, धूर कमी करतं. फळ्या काढल्या तर वर्षभर कोंबड्यांचं खुराडं होईल.

यागेन : मग हाताएवढे तुकडे करा. आवाराचं दार सताड उघडा. माची सून येईल, लुओ येईल, ज्याला बघायचं तो बघेल. ज्याला हवं तो घेऊन जाईल चुलीसाठी.

चिंगवेई : दादा, असं करू नकोस! आज संध्याकाळपर्यंत हायकौला बातमी जाईल!

यागेन : जाऊ दे.

चिंगवेई : माझ्या मुलांचा तरी विचार कर!

यागेन : ती ताडपत्री घेऊन जा परत. भिजेल इथं.

चिंगवेई : मी जातो. थांबलो तर तू अजूनच भडकशील. रात्री फोन करतो.

यागेन : थांब. एक विचारायचं राहिलं.

चिंगवेई : विचार.

यागेन : शेवटच्या दोन दिवसांत ती शुद्धीवर होती?

चिंगवेई : होती. अधूनमधून.

यागेन : माझं विचारत होती?

चिंगवेई : विचारत होती.

यागेन : तू काय सांगायचास?

चिंगवेई : सांगायचो की दादा झाडापाशी आहे.

यागेन : त्यावर काय म्हणायची?

चिंगवेई : म्हणायची, मग बरोबर आहे. त्यांना बोलावू नका, झाड एकटं पडेल.